वीसचा कॉशन

ओढ्याच्या पुढे, फाटकापासून दोनशे पावलांवर
द्राक्षबागेच्या तारेला टेकून मी उभी असते,
रविवारी, आणि झोप लागली नाही त्या पहाटे.
प्रेसमध्ये सत्तावीस वर्षं नोटांवरचे आकडे तपासले,
एकही नोट माझी नव्हती.
इंजिनांचे आकडे मात्र माझे,
लाल पुठ्ठ्याच्या चार वह्यांत.

कोळशाची गाडी दिसायच्या आधी रूळ कुजबुजतो,
सुईएवढं काहीतरी,
मग दूर कुणी पत्र्याचं पिंप घासत आणावं तसं.
अजनीचं धूड येतं, दोन अंगांचं, बारा हजार घोड्यांचं,
पण घोड्यासारखं काहीच नाही त्यात,
पिठाच्या गिरणीसारखं एकसुरी गुणगुणतं
आणि एकोणसाठ डबे एकलहऱ्याकडे घेऊन जातं.
मी मोजते. एकेचाळिसाव्याचं एक चाक चपटं,
टक् टक् टक्,
आत कुणी अडकित्ता घेऊन बसल्यासारखं.
गार्ड हिरवा झेंडा दाखवतो, मी पेन उंचावते.
पानांवर काळी भुकटी बसते
आणि बागवाले ताजणे मलाच शिव्या देतात,
जणू मीच बोलावली होती गाडी.

"तुम्ही फक्त पळणाऱ्यांचंच लिहिता," लहानू कडाळे म्हणाला.
चावीवाला तो. खांद्यावर हातोडा, कमरेला दोन झेंड्या,
रोज सहा किलोमीटर, जाताना एक रूळ, येताना दुसरा.
सैल क्लिप त्याला बुटाच्या तळव्यातून कळते.
मी म्हटलं, तुझ्या हातोड्याला नंबर असेल तर सांग.
तो बराच वेळ हसला नाही.

शुक्रवारी रात्री ब्लॉक होता.
पिवळं मशीन आलं, खडी दाबायचं.
दिव्यांच्या उजेडात त्याचे पोलादी दात
स्लीपरच्या दोन्ही अंगांनी खडीत घुसायचे,
थरथरायचे, मुठीत खडी आवळायचे, वर यायचे,
एक पाऊल पुढे, पुन्हा तेच.
पायाखालची माती गुदगुल्या झाल्यासारखी हलायची.
मागून खडी सारखी करणारी दुसरी गाडी,
तिच्या ब्रशने रुळाभोवती झाडलोट करत,
लग्न उरकल्यावर मांडव झाडावा तशी.
लहानू लाल बत्ती धरून उभा. जांभई दिली तर
तोंडात धूळ जायची, म्हणून तेही नाही.
साडेतीनला ब्लॉक सुटला.
साहेबाने कागदावर सही केली: वीसचा कॉशन.
नवी बसलेली खडी अजून कच्ची असते,
तिच्यावरून सगळ्यांनी हळू जायचं.

म्हणून सकाळी ती हळू आली.
पुढे कल्याणचं इंजिन, चालतं, धुतलेलं.
मागे ती, पॅन्टो खाली घातलेला,
खिडकीला काच नाही, एका बाजूचा रंग उडून
आतला जुना रंग वर आलेला.
भुसावळची. तेवीस हजार सहाशे एक्केचाळीस.

मला वही उघडावी लागली नाही.
पहिल्या वहीचं पहिलं पान, शहाण्णव सालचं,
लासलगावहून कांदा भरलेला बंद डब्यांचा रेक,
नंबर घाईत लिहिलेला, कारण ती थांबली नव्हती,
शेवटचा आकडा एक की सात
हे मला अठ्ठावीस वर्षं ठरवता आलं नव्हतं.
आज ताशी वीस.
प्रत्येक आकडा समोरून, एकेक करून गेला.
एकच होता.

"भंगारात?" मी विचारलं.
"लेखी नाही सांगत कुणी," लहानू म्हणाला,
"पण आवाज ऐका ना. नुसतीच चाकं."

मी लिहिलं: तारीख, वेळ, डाऊन की अप.
'भार' या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना.
खाली पिवळ्या मशीनचा नंबर लिहिला,
रात्री टॉर्चच्या उजेडात पाठ केलेला.
त्याखाली, जरा जागा सोडून, कडाळे.
तोवर तो पुलाकडे निघालाही होता.
कुठेतरी क्लिप बसवली त्याने,
एक घाव, मग दुसरा,
तारेवरचा वेडा राघू उडाला
आणि ताजणे बागेतून ओरडले,
आता कसली गाडी येतेय?